बोली वाढवणारा दुसरा

मागच्या वर्षी बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं भावंडं गोंदियाच्या घरात सामान वाटायला बसलो. वाटायला तसं फार काही नव्हतंच. पितळेचे दोन गुंड, तांब्याचा बंब, शिवणयंत्र, लोखंडी कपाट, बाबांची पुस्तकं... दोन तासांत सगळं आटोपलं आणि एकदाही कुणाचा आवाज चढला नाही. ताई म्हणालीसुद्धा, "लोकांकडे कोर्टकचेऱ्या होतात, आपलं बघा कसं छान झालं."

आणि मग कपाटाच्या आतल्या खणातून बाबांची घडी निघाली.

(आमच्याकडे मनगटावरच्या घड्याळाला घडीच म्हणतात. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा "घडी कुठे ठेवली?" म्हटलं की रूमवरची मुलं कपड्यांच्या घड्या दाखवायची. असो.)

घडी फेवर-ल्यूबा कंपनीची. स्टीलची, चावी द्यायची. १९६९ साली लग्नात आईच्या वडिलांनी बाबांना दिलेली. त्या काळी आमच्या भागात नवरदेवाला सायकल, रेडिओ आणि घडी यांपैकी काहीतरी मिळाल्याशिवाय त्याचा रुसवा निघायचा नाही म्हणे. बाबा रुसले नव्हते, आजोबांनी आपणहून दिली, असं आई अजूनही ठासून सांगते. बाबा रेल्वेत, गोंदिया जंक्शनच्या माल कार्यालयात होते. रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यायची, मग रेडिओच्या टोल्याला काटे जुळवायचे, मग चहा. हा क्रम निवृत्तीनंतरही बदलला नाही.

घडी एक आणि आम्ही तिघं. ताईने लगेच हात वर केले, "मला नको बाई, माझ्या मनगटावर बसायची नाही." राहिलो दादा आणि मी. दोघेही गप्प. तेवढ्यात भाऊजी मला हसत हसत म्हणाले, "तुम्ही तर रोज रात्री घड्याळांचे लिलाव बघता. मग लावा की बोली! पैसे आईच्या नावावर टाका."

सगळे हसले. दादाही हसला. म्हणाला, "पाच हजार."

मी म्हटलं, "सहा."

इथे थोडं थांबतो. भाऊजी तसं का म्हणाले, ते सांगायला हवं.

मला घड्याळांचं वेड आहे. श्रीमंती वेड नव्हे, ते परवडणार नाही. माझ्याकडे आहेत ती सगळी एचएमटीची, सत्तावीस नग. जनता, पायलट, जवान, कोहिनूर, आणि देवनागरी आकड्यांची एक, तिच्यावर माझा विशेष जीव. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कंपनी जोरात होती तेव्हा जनता कुणी जपून ठेवत नव्हतं. बंद होणार म्हटल्याबरोबर लोक शोधू लागले. मीही त्यांतलाच.

पण बघायला काय जातं? म्हणून जेवण झालं की मी परदेशातल्या मोठ्या लिलावांच्या याद्या चाळत बसतो. पाटेक फिलिप, रोलेक्स, व्हाशरॉन... आमच्या मिसेस म्हणतात, लोक रात्री सिनेमे बघतात आणि हा माणूस दुसऱ्यांची घड्याळं बघतो :)

त्या जगातल्या काही गोष्टी खरोखरच अचंबित करणाऱ्या आहेत. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन. त्याला मोटार शर्यतींचा नाद, म्हणून बायकोने एक रोलेक्स डेटोना घेऊन दिलं आणि मागच्या बाजूला 'गाडी सांभाळून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. १९८४ साली न्यूमनने ते सहज काढून मुलीच्या तेव्हाच्या मित्राला देऊन टाकलं, कारण त्या पोराकडे घड्याळच नव्हतं. त्याने ते वर्षानुवर्षं वापरलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात ते आलं. पहिलीच बोली एक कोटी डॉलर! आणि शेवटी गेलं पावणेदोन कोटींच्याही वर, १ कोटी ७७ लाख डॉलरला.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, जिनिव्हाला एका धर्मादाय लिलावात पाटेक फिलिपचं एक घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना गेलं. ते होतं स्टीलचं. अशी गुंतागुंतीची घड्याळं ही कंपनी एरवी सोन्यात नाही तर प्लॅटिनममध्ये घडवते. स्टीलमधलं ते एकच, म्हणून स्टील सोन्यापेक्षा महाग! आमच्या सराफा लाईनमध्ये हे सांगितलं तर मला पाणी पाजून घरी पाठवतील.

आता कुणी म्हणेल, हे सगळे पैशाचे माजलेले लोक. मी तसं म्हणत नाही. संग्राहकांनी जे शास्त्र उभं केलंय त्याबद्दल मला आदरच आहे. मुळात घड्याळ हे संग्रहाची वस्तू झालं कसं? डिसेंबर १९६९ मध्ये सेकोने क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सेलवरची स्वस्त घड्याळं चावीच्या घड्याळापेक्षा अचूक वेळ दाखवू लागली आणि स्वित्झर्लंडमधले कारखाने धडाधड बंद पडले. चावीच्या घड्याळाचं काम संपलं. मग काही लोकांनी ती भंगारात जाण्यापासून वाचवली, नंबर लिहून काढले, कोणत्या साली कोणता काटा आणि कोणता पट्टा होता याच्या नोंदी केल्या. हे त्यांनी केलं नसतं तर ती माहिती नष्टच झाली असती.

आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात लिलाव काही नवा नाही. आम्ही त्याला हर्रास म्हणतो. तेंदूपत्त्याचा हर्रास होतो, तलावातल्या मासेमारीचा होतो, रेतीघाटाचा होतो. पण तिथे बोली लावणाऱ्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का असतो. एवढा पत्ता, त्याच्या एवढ्या विड्या, मजुरी वजा जाता एवढे उरणार. त्या हिशेबापलीकडे गेला तो बुडाला. चावीच्या घड्याळाला आता असा हिशेबच उरलेला नाही. त्याच्याकडून काही पिकत नाही. वेळ तर मोबाईलही दाखवतो. मग त्याची किंमत ठरते कशावर?

ती ठरवतो दुसरा माणूस. म्हणजे असं, की मला एखाद्या घड्याळासाठी एक लाख मोजायची तयारी आहे, पण खोलीत बाकी कुणालाच ते दहा हजारांच्या वर नको असेल, तर मला ते दहा हजारांच्या जरासं वर मिळेल. माझी हौस किती, याला महत्त्व नाही. माझ्यानंतरच्या माणसाची हौस किती, यावर माझं बिल ठरतं. (आणि त्यावर लिलाव करणाऱ्यांचं कमिशन, मोठ्या ठिकाणी ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतं, ते वेगळंच.) १९७१ साली अमेरिकेतल्या तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी एक निबंध लिहिला होता. समुद्रातल्या तेलक्षेत्रांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्या पुढे तोट्यात का जातात, हा विषय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जिंकतो तो बहुधा अंदाजात सर्वांत जास्त चुकलेला असतो. याला पुढे 'विजेत्याचा शाप' असं नाव पडलं.

हे सगळं मला पाठ होतं. भाऊबीजेला भाच्याला समजावून सांगितलं होतं.

आणि तरीही त्या दिवशी ओसरीवर मी सहा म्हटलं, दादा आठ म्हणाला, मी दहा म्हटलं. पंधरापर्यंत गंमत चालली होती. वीसच्या पुढे भाऊजी हसायचे थांबले. तीसला वहिनी आत निघून गेल्या. चाळीसनंतर आम्ही एकमेकांकडे बघतही नव्हतो, दोघेही घडीकडे बघून आकडा बोलत होतो. माझ्या मनात तेव्हा बाबा नव्हते हो. खरं सांगतो, घडीही नव्हती. दादा दरवेळी मोठा असतो, पहिली सायकल त्याला, वरची खोली त्याला, अग्नी त्याने दिला, तर ही एक गोष्ट मला, एवढंच डोक्यात होतं. मी एकाहत्तर हजार म्हटलं. दादा खूप वेळ गप्प राहिला. मग उठला आणि नळावर हात धुवायला गेला.

आई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिच्या वडिलांनी दिलेली, तिच्या नवऱ्याची घडी तिच्या दोन पोरांनी तिच्यासमोर हर्रासात काढली होती. ती म्हणाली, "झालं का? मग बसा जेवाले."

दादा जेवला, पण त्याच संध्याकाळच्या गाडीने रायपूरला निघून गेला. ठरलं होतं दोन दिवस राहायचं.

मी जिंकलो होतो.

महिन्याभराने घडी नागपूरला एका जुन्या, जाणत्या घडीसाजाकडे तेलपाण्यासाठी नेली. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "मशीन अस्सल आहे, छान आहे. पण डायल नंतर रंगवलेली आहे. नाव पाहा, अक्षरं जाड झाली आहेत, आणि मिनिटांच्या रेघा एकसारख्या नाहीत. काटे दुसऱ्या घडीचे. चावीपण बदललेली." मी विचारलं, किंमत काय होईल? ते म्हणाले, "विकायचीच असेल तर दहा हजार कुणी दिले तर हो म्हणा."

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संग्राहकांच्या जगात डायल म्हणजे घड्याळाचा चेहरा. तो मूळचा हवा. डागाळलेला, उन्हाने पिवळा पडलेला चालेल, पण नव्याने रंगवलेला चालत नाही. केस घासून चकचकीत केलेली चालत नाही. दुरुस्ती जितकी कमी, भाव तितका जास्त. आपल्याकडच्या बाजारातून जुन्या सेको, सिटिझन, एचएमटीच्या मशीनवर भडक नव्या डायली बसवून जी घड्याळं परदेशी जातात, त्यांना तिकडच्या लोकांनी नावच ठेवलंय, 'मुंबई स्पेशल'. आणि ते हेटाळणीने म्हणतात. त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. रंगवलेली डायल मूळची म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, आणि अनोळखी माणसाने अनोळखी माणसाकडून वस्तू घ्यायची तर असे कडक नियम हवेतच.

पण मला राग आला. कुणाचा ते नीट कळत नव्हतं. इतकी वर्षं याद्या वाचतोय आणि घरातल्या घडीची डायल रंगवलेली आहे हे मला ओळखता आलं नाही! त्या रात्री दादाला फोन केला. वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच. खरं म्हणजे सांगायचं होतं की तू वाचलास. तेवढा कोतेपणा माझ्यात होता.

मी सांगितलं, "दादा, डायल रीपेंट केलेली निघाली."

तो म्हणाला, "हौ. मले मालूम आहे. मीच तर करून आणली होती."

मग त्याने सांगितलं ते असं. १९८४ चा पावसाळा. दादा तेव्हा तेरा वर्षांचा, मी सहा. नवेगाव बांधजवळ मामाच्या गावी रोवणी चालली होती. बाबा दोन दिवस आले होते आणि विहिरीवर आंघोळीला जाताना घडी खुंटीला लावून गेले. दादाने ती मनगटात घातली आणि पोरांना दाखवायला धानाच्या बांधीत उतरला. पट्टा सैल, घडी चिखलात. सापडेपर्यंत अर्धा तास गेला. आत पाणी गेलं, डायल फुगली, काटे गंजले. बाबा रागावले नाहीत. मारलंही नाही. घडी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघून ड्युटीला जाऊ लागले. दादा म्हणाला, "मारलं असतं तं बरं झालं असतं. रोज सकाळी त्यांचा हात चावी द्याले उठायचा अन् मंग आठवायचं."

पुढचे दोन उन्हाळे दादा मामाच्या गावी तेंदूपत्ता तोडायला गेला. पहाटे जंगलात, दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी मोजून द्यायचे. आम्हाला घरी सांगितलं होतं की तो सुट्टीत पोहायला शिकतोय. ते पैसे घेऊन त्याने गोंदियाच्या बाजारात एका घडीसाजाला गाठलं. मूळ डायल मिळणं शक्यच नव्हतं. त्या माणसाने जुनी डायल घासून, रंगवून, वर नाव छापून दिलं, कुठल्या तरी दुसऱ्या घडीचे काटे बसवले. बाबांनी घडी हातात घेतली, चावी दिली, कानाला लावली आणि म्हणाले, "चालते." बस, एवढंच. त्यानंतर शेवटपर्यंत ती त्यांच्या हातात होती.

"मंग त्या दिवशी सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"तू आकडे बोलत होता ना," दादा म्हणाला.

हे ऐकल्यापासून मी याच एका गोष्टीचा विचार करतोय. ज्या रंगामुळे बाजारात त्या घडीची किंमत जवळजवळ शून्य झाली, तो रंग म्हणजे दादाचे दोन उन्हाळे. तो बोली लावत होता ती त्यासाठी. आणि मी त्याची बोली वाढवत होतो ती तो वाढवतोय म्हणून.

गांधीजींच्या घड्याळाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मार्च २००९. न्यूयॉर्कच्या अँटिकोरम या घड्याळांच्याच लिलावासाठी प्रसिद्ध असलेल्या पेढीने बापूंचं झेनिथ कंपनीचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि थाळी विक्रीला काढली. पेढीचा अंदाज वीस ते तीस हजार डॉलरचा. आपल्याकडे गदारोळ झाला, सरकार मध्ये पडलं, दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, मालकाने अगदी शेवटच्या क्षणी माल परत मागितला. तरीही लिलाव झाला आणि विजय मल्ल्यांनी १८ लाख डॉलरला सगळं घेतलं. तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली होती, मीही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. (तेच मल्ल्या मार्च २०१६ मध्ये बँकांची कर्जं मागे ठेवून देशाबाहेर गेले, ते पुढचं.) आज वाटतं, अंदाजाच्या साठपट ती किंमत कशाची होती? घड्याळ तेच. चष्मा तोच. वाढला होता तो हरण्याचा धाक. आणि तो जितका वाढला, तितका विकणाऱ्याचा फायदा.

त्याच्या उलट चित्र मुंबईतलं. मार्च २०२० मध्ये सॅफ्रनआर्टने ईडीसाठी नीरव मोदीच्या जप्त मालमत्तेचा लिलाव केला. अमृता शेरगिलसारख्यांची चित्रं, महागड्या गाड्या, हँडबॅगा आणि घड्याळं. त्यात एक पाटेक फिलिप नॉटिलस होतं, सोन्याचं, हिरे जडवलेलं. आणि एक जेजेर-लकूल्त्रचं रिव्हर्सो. या रिव्हर्सोचं मूळ आपल्याकडचं आहे बरं का. भारतातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा पोलो खेळताना फुटायच्या, म्हणून तबकडी उलटी फिरवून झाकता येईल असं घड्याळ १९३१ मध्ये बनवलं गेलं. मी ती यादी तेव्हा दोन-तीनदा वाचली. न्यूमनच्या घड्याळामागे बायकोचे शब्द होते, मुलीच्या मित्राची वर्षं होती. इथे सगळं महाग, दुर्मीळ, मोजक्या संख्येत बनलेलं, आणि कुणाचं कुणाशी काही नातं असल्याची एक ओळ नाही. मला वाटतं, घेणाऱ्यालाही ती नकोच असणार.

तर माझं मत थोडक्यात मांडतो, पटलं तर बघा.

लिलावाला माझा विरोध नाही. अनोळखी लोकांमध्ये दुर्मीळ वस्तू द्यायची तर त्याहून सरळ मार्ग मला सुचत नाही. सगळं उघड्यावर होतं, नियम सगळ्यांना एकच. हौस असेल त्याने जरूर घ्यावं. मात्र आपला शेवटचा आकडा आदल्या रात्री कागदावर लिहून खिशात ठेवावा आणि त्याच्या पुढे गेलात तर तो कागद बायकोला दाखवायची शपथ घ्यावी. दहा लाखांच्या वरचं घड्याळ घेणाऱ्यांनी २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का कर आधीच गोळा करतो हेही हिशेबात धरावं. माझ्या वाचकांत असं कुणी असेल तर आधी माझ्याशी ओळख वाढवावी :)

पण घरातल्या वस्तूची बोली घरातल्यांनी एकमेकांवर लावू नये. गंमत म्हणूनही नाही. बाहेरच्या लिलावात दुसरा माणूस कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, तो टेलिफोनवरचा एक आकडा असतो, म्हणून त्याला हरवून झोप लागते. घरात दुसरा माणूस म्हणजे दादा असतो. शिवाय बोलीत ज्याच्या खिशात जास्त तो जिंकतो, आणि माझ्या खिशात दादापेक्षा जास्त आहे हे मला सहा हजार म्हणतानाच माहीत होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात. पाळी लावावी, वर्षभर याच्याकडे, वर्षभर त्याच्याकडे. भांडण करावं लागलं तर तेही करावं, कारण भांडणात माणूस निदान बोलतो. दादा भांडला असता तर बांधीची गोष्ट त्या दिवशीच निघाली असती.

आणि सगळ्यात आधी, जी मोठी माणसं हयात आहेत त्यांना विचारावं. त्या दिवशी घडीवर खरा हक्क कुणाचा होता हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

अक्षय्य तृतीयेला मी गोंदियाला गेलो तेव्हा घडी आईपुढे ठेवली आणि विचारलं, काय करू? दादाला पाठवू? दादाने फोनवर 'नको' सांगितलं होतं, पण तू म्हणशील तसं. आईने घडी घेतली, कानाला लावली, पदराने काच पुसली आणि म्हणाली, "राहू दे इथंच. मी देत जाईन चावी."

आता ती देवघराशेजारच्या खुंटीला असते. आई पंच्याहत्तरच्या पुढची, बोटं दुखतात, पण सकाळी चहाच्या आधी चावी देते. घडी दिवसाला चार-पाच मिनिटं मागे पडते. माझे एकाहत्तर हजार आईच्या नावावर ठेवीत आहेत, ते परत घ्यायचे नाहीत हे मी ठरवलंय. एका कागदावर १९६९ पासूनची सगळी हकीकत, आजोबा, बांध, तेंदूपत्ता, घडीसाज, आणि हो, आमची बोलीसुद्धा, लिहून तो कागद घडीच्या जुन्या डबीत ठेवला आहे. उद्या आमच्या मुलांपैकी कुणी ती विकायला काढलीच तर निदान काय विकतोय ते त्याला कळावं.

दादा अजून पूर्वीसारखा रोज फोन करत नाही. रविवारी करतो. मागच्या रविवारी विचारत होता, "घडी चालते का?"

म्हटलं, चालते.